तुम्ही विचारलंत म्हणून: इतिहासात एम.ए. करून पुढं काय?

गावी गेले की पहिला चहा संपायच्या आत कुणीतरी विचारतंच. आत्या, मामा, स्टँडवर भेटलेले शाळेतले सर. आजवर "नेट-सेट देणार" म्हणून वेळ मारून नेली. आता नीट सांगते.

पुण्यात मी दिवसभर काय करते? तास, मेस, मग विद्यापीठाचं जयकर ग्रंथालय. आजूबाजूला एमपीएससीची पुस्तकं उघडलेली असतात, माझ्यासमोर मोडीतल्या, म्हणजे मराठीच्या जुन्या लिपीतल्या, कागदांच्या झेरॉक्स. मोडी लिहिणारे आधी कागदभर शिरोरेघ ओढत आणि तिच्याखाली हात न उचलता लिहीत जात. शब्द कुठं संपला ते आपण ओळखायचं. ऱ्हस्व-दीर्घाचा आधार नाही. सुरुवातीला एका ओळीत माझी संध्याकाळ जायची. ती ओळ लागली की होणारा आनंद घरी कुणाला सांगावा, हे मात्र कधी कळलं नाही.

मग २०२३ साली मराठा समाजाच्या जुन्या कागदांतल्या कुणबी नोंदी शोधायला शिंदे समिती नेमली गेली, नोंद सापडली तर ओबीसी आरक्षणासाठी कुणबी दाखला मिळणार होता, आणि मराठवाड्यात घरोघरी जुन्या ट्रंका उघडल्या. त्या दिवाळीत शेजारचे काका पिशवीत जपून आणलेला कागद घेऊन आले. घड्यांवर फाटलेला, कडा वाळवीनं खाल्लेल्या. "तुला येतं ना हे? पोरीच्या ॲडमिशनचं आहे." ओट्यावर बसून मोबाईलच्या उजेडात वाचला. कर्जखत होतं. वर फसली सन, म्हणजे निजामाच्या राज्यातलं महसुली वर्ष, मग बैलासाठी घेतलेले रुपये, व्याज, साक्षीदारांची नावं. तळाशी सहीच्या जागी नांगर काढलेला. ज्याला लिहिता येत नसे तो शेतकरी अशी निशाणी करी.

जातीचा उल्लेख कुठंच नव्हता. पुन्हा वाचला. काका म्हणाले, "नांगर आहे की. मग आणखी काय लिहायचं असतं?"

मी काय बोलणार? तो माणूस शेतकरी होता हे कागद स्वच्छ सांगत होता. दाखल्याला मात्र 'कुणबी' असा शब्दच लागतो. काकांनी कागद होता तसाच घडी घालून पिशवीत ठेवला. बाबा माझ्याकडे बघत होते. त्यांची ती नजर अजून मनातून जात नाही.

एम.ए.ला आले तेव्हा मी ठासून म्हणायचे, ज्ञानाला उपयोग विचारू नका. त्या रात्री मला उपयोगी पडायचं होतं, अगदी मनापासून. मग तुमचंच खरं का? तसंही वाटत नाही. आपल्या पणजोबांनी बैल केवढ्याला घेतला, हे काकांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. पोरीच्या फीपुढं ते त्यांना ऐकू तरी आलं का, कोण जाणे.

नोकरीचं म्हणाल, तर तासिका तत्त्वावर मिळेल कदाचित. सुट्टीत तास नाहीत, म्हणजे पैसे नाहीत, हे मलाही ठाऊक आहे आणि बाबांनाही. तरी पीएच.डी.ची प्रवेश परीक्षा देणार आहे. विषय ठरवलाय, शेतकऱ्यांची कर्जखतं. मार्गदर्शक अजून मिळायचे आहेत.