तुम्ही विचारलंत म्हणून सांगते: लोखंड

रसायनशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला हा प्रश्न चुकत नाही. वर्गात नव्याने आलेल्या मुली विचारतात, विज्ञान प्रदर्शनात पालक विचारतात, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेले पाहुणेसुद्धा विचारतात, "तुमचं आवडतं मूलद्रव्य कोणतं?" मी म्हणते, लोखंड. समोरच्याचा चेहरा जरा पडतो. काहीतरी चमकणारं, पेट घेणारं, निदान दुर्मीळ तरी ऐकायला मिळेल असं वाटलेलं असतं. ११८ मूलद्रव्यं समोर मांडलेली असताना या बाईंनी लोखंड निवडावं?

निवडलंय खरं, आणि रत्नागिरीत राहून दुसरं काही निवडणं मला जमलं नसतं.

आमच्या मुलांच्या आवडी वेगवेगळ्या असतात आणि मला त्या ऐकायला फार आवडतात. हल्ली गॅलियमचं नाव बरेचदा येतं. तळहातावर ठेवलं की वितळणारा धातू, हे मुलांनी व्हिडिओत पाहिलेलं असतं. त्याचा वितळणबिंदू २९.७६ अंश सेल्सिअस. आमच्याकडे एप्रिल-मे महिन्यांत तो हातात घ्यायचीही गरज पडणार नाही, कपाटातच पातळ होऊन बसेल. सोनं म्हणणारे मोठ्या माणसांत जास्त, आणि त्यांचं कारण नेहमी एकच असतं, की सोनं खराब होत नाही. मच्छीमाराच्या घरातल्या एका मुलाने मला विचारलं होतं, "मॅडम, कुर्लीला रक्तच नसतं ना? तोडली तरी लाल काही येत नाही." खेकड्याला रक्त असतं. फक्त आपल्या रक्तात ऑक्सिजन वाहून नेण्याचं काम लोखंड करतं, आणि कुर्ली, कोळंबी, माकूल यांच्यात ते तांब्याकडे असतं. म्हणून त्यांचं रक्त ऑक्सिजन मिळाला की फिकट निळसर दिसतं. त्या दिवसापासून त्या मुलाचं आवडतं मूलद्रव्य तांबं. ज्या गोष्टीला रोज हात लागतो तिच्या आत काय आहे हे कळलं, की माणसाचा जीव तिच्यात असा गुंततो.

देवगडकडच्या माणसांना वाटतं, मी हेलियम म्हणायला हवं होतं. विजयदुर्ग त्यांच्या उशाशी आहे, आणि १८ ऑगस्टला किल्ल्यावर हेलियम दिवस साजरा होतो, कारण नॉर्मन लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञाला १८६८च्या ग्रहणात हेलियमचा शोध इथूनच लागला असं सांगितलं जातं. त्याची गोष्ट नीट सांगायलाच हवी, कारण खरी गोष्ट ऐकीव गोष्टीपेक्षा सरस आहे. १८ ऑगस्ट १८६८ला खग्रास सूर्यग्रहण झालं. त्याच्या सावलीचा पट्टा आपल्या किनाऱ्यावरून आत शिरून थेट आंध्रच्या किनाऱ्यापर्यंत गेला. गुंटूरला फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ ज्यूल जान्सेन यांनी सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांचा वर्णपट, म्हणजे त्यांचा प्रकाश फोडल्यावर दिसणारा रंगांचा पट्टा, पाहिला. त्यातल्या रेषा इतक्या ठळक होत्या, की ग्रहण नसतानाही त्या दिसतील हे त्यांच्या ध्यानात आलं. नॉर्मन लॉकियर तेव्हा इंग्लंडमध्ये होते. त्यांनी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, ग्रहणाशिवाय, स्वतंत्रपणे तेच साधलं. सोडियमच्या जोड-रेषेजवळ पण तिच्याशी न जुळणारी एक पिवळी रेषा होती. ती पृथ्वीवर माहीत नसलेल्या मूलद्रव्याची असावी, असं म्हणण्याचं धाडस लॉकियर यांनी केलं. विल्यम रॅम्झी यांना ते मूलद्रव्य पृथ्वीवर सापडलं १८९५मध्ये, युरेनियमच्या एका खनिजातून सुटलेल्या वायूत. लॉकियर विजयदुर्गला आलेच नाहीत असं मात्र नाही. ते आले, पण २२ जानेवारी १८९८च्या ग्रहणासाठी. साठीच्या घरातला माणूस, ज्याच्या तर्काला नुकताच पुरावा मिळाला आहे, तो आपल्या किल्ल्यावर दुर्बिणी लावून उभा आहे. किल्ल्यावरचे 'साहेबाचे कट्टे' त्या खेपेचेच असावेत असं माझं मत आहे. तिथे गेले की माझा ऊर भरून येतो.

तरी हेलियम माझं नाही. ते हलकं, कुणाशी संयोग न करणारं. हवेत सुटलं की वर वर जात शेवटी पृथ्वीलाच सोडून जातं. माझा जीव राहणाऱ्यावर.

लोखंड कसं राहतं ते बघायचं तर सड्यावर, म्हणजे आमच्याकडच्या उघड्या कातळाच्या पठारावर, या. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनभर लाव्हा पसरला आणि त्याचा काळा बेसॉल्ट झाला. आपल्याकडे घाटावरून उतरणाऱ्या माणसाला तो दगड मागे पडताना आणि तांबडा जांभा सुरू होताना दिसतो. ते दोन परके दगड नव्हेत, बऱ्याच ठिकाणी जांभा हा त्या बेसॉल्टचाच उरलेला भाग आहे. उष्ण हवा आणि पाऊस. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो, आणि असा पाऊस लाखो वर्षं पडत राहिला. पाण्याने सोडियम नेलं, पोटॅशियम नेलं, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम नेलं, हळूहळू सिलिकासुद्धा नेली. मागे राहिलं मुख्यतः लोखंड आणि ॲल्युमिनियम.

लोखंड का राहिलं, हा या सगळ्यातला मला सर्वांत प्रिय भाग. दोन इलेक्ट्रॉन गमावलेलं लोखंड पाण्यात विरघळतं आणि वाहूनही जातं. पण हवेतला ऑक्सिजन भेटला की त्याचा तिसरा इलेक्ट्रॉन जातो, आणि या रूपात ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, जागच्या जागी साका धरतं. काही बोअरवेलचं पाणी काढताना स्वच्छ असतं आणि बादलीत तासभर राहिलं की तांबूस होतं, ती हीच क्रिया. जांभ्यात ती युगानुयुगं चालली. खाणीतून ताजा निघालेला जांभ्याचा चिरा तुलनेने मऊ असतो, हत्याराने तासता येतो. उन्हावाऱ्यात ठेवला की कडक होतो, कारण त्यातली ओलसर लोहसंयुगं सुकतात, स्फटिकरूप होतात आणि दगडाला आतून धरून ठेवतात. आमच्या घराच्या भिंती अशाच चिऱ्यांच्या आहेत. विहिरीही, गडगेही.

याची दुसरी बाजूही सांगते, कारण प्रेम आहे म्हणून दोष झाकायचे नसतात. सगळं वाहून गेलेली ही जमीन झाडांना गरीबच पडते. त्यात लोखंडाची ऑक्साइडं फॉस्फेट घट्ट पकडून ठेवतात, खत घातलं तरी मुळांना सहज मिळू देत नाहीत. पावसाळ्यात सड्यावर सीतेची आसवं फुलतात, ती निळी-जांभळी नाजूक फुलं. ती वनस्पती बारीक जीव पकडून खाते, कारण जमिनीतून तिला पुरेसं मिळत नाही.

राजापूर तालुक्यात देवाचे गोठणे गावाच्या सड्यावर माणसाच्या आकृतीचं एक कातळशिल्प आहे. कोकणातल्या ज्या कातळशिल्पांचा २०२२मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत समावेश झाला, त्यांत हेही आहे. तिथे होकायंत्र ठेवलं की सुई उत्तर सोडते. थोडं सरकवा, दुसरीच दिशा दाखवते. कातळातल्या लोहखनिजांचं चुंबकत्व तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वावर मात करतं. ज्यांनी ती आकृती कोरली त्यांच्याजवळ होकायंत्र नव्हतं, मग नेमकी हीच जागा त्यांनी का घेतली असेल? मला याचं उत्तर घाईने नको आहे. मुलांना तिथे नेऊन सुई फिरताना दाखवणं मात्र मला फार महत्त्वाचं वाटतं.

तेवढं लांब जायचं नसेल तर भाट्ये किंवा काळबादेवीच्या किनाऱ्यावर जा. वाळूत काळे पट्टे दिसतात. चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून त्यांवरून फिरवा, काळे कण केसांसारखे उभे राहून चिकटतात. ते मॅग्नेटाइट, लोखंडाचं चुंबकाला चिकटणारं खनिज. मागे राहणाऱ्या काळ्या कणांत इल्मेनाइट भरपूर असतं. त्यात लोखंडाबरोबर टायटॅनियम असतं, आणि त्यासाठीच रत्नागिरीची ही वाळू प्रसिद्ध आहे.

"पण लोखंड गंजतं," सोनंवाले म्हणतात. खाऱ्या वाऱ्यात राहणाऱ्यांना हे कुणी सांगायला नको. खिडकीचे गज, गॅलरीचे कठडे, दर दोन-तीन पावसाळ्यांनी रंग काढा. जहाजाच्या तळाला जस्ताचे ठोकळे बसवतात, म्हणजे आधी जस्त झिजतं आणि पोलाद वाचतं. हे सगळं मान्य. पण गंज म्हणजे लोखंड आणि ऑक्सिजन यांची ओढच. जांभ्याचा तांबडा-पिवळा रंग गंजाच्याच कुळातल्या खनिजांचा आहे. सोनं कुणाशी बोलत नाही, म्हणून ते तसंच राहतं. लोखंड ऑक्सिजनला धरतं, आणि आपल्या शरीरात त्याहून अवघड गोष्ट करतं: धरतं आणि सोडतंही. हिमोग्लोबिनच्या एका रेणूत लोखंडाचे चार अणू असतात. फुप्फुसात ते ऑक्सिजन घेतात, बोटांच्या टोकापर्यंत नेऊन देतात, आणि स्वतः गंजत नाहीत, कारण भोवतीच्या प्रथिनाच्या घड्या त्यांना जपतात. मोठ्या माणसाच्या अंगात सगळं मिळून तीन-चार ग्रॅम लोखंड, एखाददुसऱ्या खिळ्याएवढं. त्यातलं जवळपास दोन तृतीयांश या एकाच कामावर.

इथे माझ्या आवडीचं काळजीत रूपांतर होतं. वर्गात बसलेल्या कितीतरी मुली फिकट असतात, जिना चढून आल्या की धापा टाकतात. लोहाच्या गोळ्या मिळतात, पण त्या बऱ्याचदा चहासोबत घेतल्या जातात. म्हणून मी दरवर्षी एक प्रयोग करते. कोऱ्या चहात लोहाची गोळी कुटून घालते. चहा बघता बघता शाईसारखा काळा होतो. चहातल्या टॅनिनने लोखंड पकडलेलं असतं, आणि तसं पकडलेलं लोखंड आतड्यांना नीट घेता येत नाही. लोखंडी कढईत आवळा काळा पडतो तो याच कारणाने, हे मुलींना लगेच पटतं, कारण ते त्यांनी घरी पाहिलेलं असतं. मग सांगते, गोळी लिंबाच्या सरबताबरोबर घ्या. त्यातलं क जीवनसत्त्व लोखंडाला त्याच्या विरघळणाऱ्या रूपात राखायला मदत करतं, सड्यावर पाण्याबरोबर जे वाहून गेलं त्या रूपात. गोळी आणि चहा यांच्यात निदान तास-दीड तास जाऊ द्या. आणि घरी आईलाही सांगा, तिचं रक्त बहुतेक कधी तपासलेलं नसतं.