आजीच्या पिशवीतलं कोरं लुगडं

यंदा पहिल्यांदाच मुक्ताईच्या पालखीत चाललो. कोथळीपासून बुलढाण्यापर्यंतच, पुढची रजा नव्हती. मार्चमध्ये ऑफिसमधला माझ्याच वयाचा मित्र हार्ट अटॅकने गेला आणि तेव्हापासून झोप उडालेली, उद्या आपण गेलो तर काय हेच डोक्यात, मग टर्म प्लॅन घेतला, सगळीकडे नॉमिनी टाकले, पासवर्डची वही बायकोकडे दिली, तरी काहीतरी राहिलंय असंच वाटायचं.

मुक्ताई तापीकाठी मेहूणला वीज कडाडली तेव्हा गुप्त झाली, शके 1219, म्हणजे 1297 साल, वय जेमतेम 18. ज्ञानोबा आणि सोपान, दोघं भाऊ आधीच गेलेले. लहानपणापासून ऐकलेली गोष्ट, पण डोक्यावर मृगाचे ढग घेऊन तिच्याच पालखीमागे चालताना ती वेगळीच लागते.

आमच्या दिंडीत पारोळ्याकडची एक आजी होती, सत्तरीच्या पुढची. मोताळ्याला रात्री पावसाने सगळ्यांच्या पिशव्या भिजल्या. सकाळी बघतो तर आजीने शाळेच्या कंपाउंडवर सगळ्यात आधी एक कोरं लुगडं वाळत टाकलेलं, घडीची रेघही मोडलेली नव्हती, ती रेघ हाताने पुन्हा पुन्हा सरळ करत होती. म्हटलं, आजी, पंढरपूरला नेसायचं का?

"नही रे भाऊ, हाई मी मरसू तवयनं."

शेवटचं लुगडं माहेरचं लागतं, आपल्याकडे रीतच आहे. तिचा एकुलता भाऊ आजारी पडला तेव्हा हिनेच त्याच्याकडून मागून घेतलं, तू आधी गेलास तर मला कोण आणणार म्हणून, आणि तो गेलाही. हे सगळं ती भाकरीच्या पिठाबद्दल बोलावं तसं सांगत होती, मधेच म्हणाली ते टोक धर, वारा सुटला.

टोक धरून उभा होतो आणि ताई आठवली. चोपड्याला दिलेली. आई-बाबा गेल्यावर तिचं माहेर म्हणजे मीच, आणि चार आखाज्या, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाल्या तिला आणायला गेलो नाही, भाऊबीजेला गूगल पे केलं की झालं. एवढे नॉमिनी टाकताना ती मनातसुद्धा आली नव्हती. पैशाचं नाही म्हणत मी, तिचं शेवटचं लुगडं माझ्याकडून जायचंय हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

राजूर घाटात रेंज आली तसा फोन लावला. उचलल्या उचलल्या तिने विचारलं, "कोण गेलं रे?"

म्हटलं, कोणी नाही गं ताई, वारीत चालतोय, असाच केला. थोडा वेळ ती काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "पायात चप्पल तरी आहे ना?"