वजन उतरलं, पण कुठलं?

ज्येष्ठ नागरिक संघाच्या तपासणी शिबिरात सर आले तेच खुशीत. वय ७१, निवृत्त मुख्याध्यापक, मधुमेही. "ताई, वर्षात सहा किलो उतरवलं! रात्रीचं जेवणच बंद केलंय."

मी फिजिओथेरपिस्ट. आधी कौतुकच करणार होते. मग फाईल पाहिली. वजन ६४ वरून ५८ वर आलेलं आणि तीन महिन्यांची सरासरी साखर (HbA1c) मात्र ७.१ वरून ८.२ टक्क्यांवर. वजन उतरण्याची दुसरी कारणं डॉक्टरांनी तपासली होती, काही सापडलं नव्हतं.

पोटाला टेप लावला. ९४ सेंटीमीटर. आपल्याकडच्या पुरुषांसाठी ९० ही मर्यादा. पोटरी भरली ३० सेंटीमीटर; ३४ च्या खाली गेली की आम्ही सावध होतो. मुठीची ताकद २१ किलो, ती किमान २८ हवी. मग खुर्ची दिली. हात छातीशी बांधून पाच वेळा उठा-बसा. १२ सेकंद लागले तरी धोक्याची खूण, सरांना १९ लागले. चौथ्या खेपेला मांड्या थरथरायला लागल्या.

काकू तेव्हा हळूच म्हणाल्या, "देवपूजा आता मीच करते. यांना पाटावरून उठता येत नाही. कुणाला सांगू नको म्हणाले होते."

सर खाली बघत राहिले. मला गलबलून आलं. घरीदारी सगळे 'छान बारीक झालात' म्हणत होते, आणि हा माणूस वर्षभर देवघर टाळत होता.

जेवल्यावर रक्तातल्या साखरेचा मोठा वाटा स्नायू ओढून घेतात. ते झिजले की साखरेचं कोठारच लहान होतं. सरांचे स्नायू गेले, पोट राहिलं. पुण्याचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये स्वतःचाच दाखला दिला होता. त्यांचा आणि लंडनच्या डॉ. युडकिन यांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. पण चरबी युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के, याज्ञिकांच्या अंगात २१.२. काटा हे सांगत नाही. मी सरांना हेच सांगितलं, तेव्हा त्यांनी वर पाहिलं.

रात्रीचं जेवण परत सुरू केलं. मूत्रपिंडाचे रिपोर्ट चांगले होते, म्हणून आहारतज्ज्ञांनी घट्ट वरण, मोडाची उसळ, दही, पनीर दोन्ही वेळच्या ताटात आणलं. अंडं सरांना चालत नाही. माझ्याकडून खुर्चीवरून सावकाश उठणं, खिडकी धरून टाचा उचलणं, रबरी पट्ट्याचे व्यायाम, आठवड्यातून तीनदा. नुसतं फिरून भागणार नव्हतं, ते तर सर रोज फिरतच होते. गोळ्याही डॉक्टरांनी बदलल्या, त्यामुळे साखरेचं सगळं श्रेय मी व्यायामाला देणार नाही.

तीन महिन्यांनी साखर ७.४. पाच उठाबशा १३ सेकंदांत. वजन दीड किलोनं वाढलेलं, त्यामुळे सर जरा खट्टू होते.

पूजा आता तेच करतात, पाटावर बसून. उठताना डावा हात अजून भिंतीला टेकवावा लागतो.