खांबाला टेकून

नवरात्रातली सातवी माळ. गिरणेकाठच्या आमच्या गावाहून पाटणादेवीला पायी निघालो, अनवाणी. पहिल्या दिवसाचं फारसं सांगण्यासारखं नाही: डांबरी रस्ता, दोन्हीकडे फुटू लागलेली कपाशी आणि ‘उदो उदो’चा गजर. मुक्काम चाळीसगावच्या अलीकडे, एका विठ्ठलाच्या देवळात.

“खांबले टेकीसन बस, भाऊ,” म्हणत एका आजींनी पाण्याचा तांब्या पुढे केला. टेकलो तो सागवानी खांब. खाली दगडी तळखडा, खांबाची बैठक; त्यामुळे जमिनीची ओल लाकडात चढत नाही. वर हस्त, म्हणजे खांबाच्या डोक्यावरचा आडवा आधार; त्यावर तुळई, छताचा भार पेलणारं आडवं लाकूड; तुळईवर कडीपाट, कड्या-फळ्यांचं छत. खिळा शोधून सापडेना. खांबाच्या डोक्यावरची खुंटी वरच्या खाचेत घट्ट बसलेली. बसल्या माणसाच्या पाठीएवढ्या उंचीवर खांब काळाभोर, तुकतुकीत झालेला. किती भजनं, किती कीर्तनं ऐकत किती पाठी तिथे टेकल्या असतील!

दिवाळीनंतर हा मंडप पाडून स्लॅब टाकायचाय, असं रात्री कळलं. पोटात कालवलं. एक तुळई कुजली म्हणून एवढा मंडप पाडायचा? तेवढी बदलता येते की. लाकडी कामाची खुबीच ती.

चाळीसगावपासून देवी साधारण १८ किलोमीटर. पाटणा गाव मागे पडलं की गौताळ्याचं रान लागतं, डोंगर तिन्ही बाजूंनी जवळ येतात आणि मधोमध उंच जोत्यावर काळ्या दगडाचं हेमाडपंती देऊळ. दर्शन झालं, ओटी भरली. मग मंडपात वर बघत उभा राहिलो. कालचीच रचना! खांब, त्यावर हस्त, त्यावर तुळई. फक्त सगळं पाषाणाचं. सुताराची रीत पाथरवटाने जशीच्या तशी उचललेली.

याच डोंगररांगेत पितळखोऱ्याच्या बौद्ध लेण्यांतल्या चैत्यगृहात, म्हणजे प्रार्थनेच्या दालनात, तर लाकूड आणि दगड एकाच छताखाली नांदले. बाजूच्या छताच्या फासळ्या दगडात कोरलेल्या, मधल्या लाकडी. लाकूड गेलं, खाचा उरल्या. पाटण्याचंही तसंच. गणिती भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवायला इथे मठ काढला, हे १२०७ सालचा शिलालेख सांगतो. लेख आहे, मठ नाही.

दगडी खांबाला पाठ लावली. गार होता.

परतताना त्या गावात मुद्दाम थांबलो. देवळासमोर विटांचा ट्रॅक्टर रिकामा होत होता. आजी आत, त्याच खांबाशी वाती वळत बसल्या होत्या. मी शेजारी बसलो आणि मोबाईलमध्ये एकेका जोडाचा फोटो घेऊ लागलो.