तुम्ही विचारलंत म्हणून: गेम खेळून कमावलेला पैसा चालतो का?

"मुलगा व्हिडिओ गेम खेळून कमावतो. हे आपल्या यहुदी धर्मात बसतं का?" सिनेगॉगमधून निघताना कुणी ना कुणी हे विचारतंच, आणि बहुतेक जण उत्तर मनात ठरवूनच विचारतात: फासे काय, कन्सोल काय, जुगारी तो जुगारीच. दोन मिनिटांत याचं उत्तर देता येत नाही, म्हणून एकदा लिहूनच टाकतो.

ओळखीतल्या एका लग्नात नवरदेवाने केतुब्यावर (लग्नाच्या लेखी करारावर) साक्षीदार म्हणून सही करायला आपला जिवलग मित्र ठरवला होता. मित्र नात्यातला नाही, शब्बाथ (शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवार रात्रीपर्यंतची विश्रांती) पाळणारा, खाण्यापिण्याचे नियम पाळणारा. एका ई-स्पोर्ट्स टीमचा दरमहा पगार, हीच त्याची कमाई. केतुबा टेबलावर उघडा होता, पेन त्याच्या हातात होतं, आणि नवऱ्याच्या काकांनी त्याचं मनगट धरलं. "फासे खेळणारा साक्षीला चालत नाही, मिश्ना या आपल्या जुन्या नियमग्रंथात लिहिलंय. उद्या कुणी म्हणालं केतुबाच धरत नाही, तर?" पेन दुसऱ्याकडे गेलं. एवढ्या लोकांसमोर त्या मुलाला चोरांच्या पंगतीत बसवलं, आणि कुणी अवाक्षर काढलं नाही.

काकांची भीती पोकळ नव्हती. साक्षीदार अपात्र निघाला तर केतुबाच संशयात येतो, तिथे कुणीही जपूनच वागणार. पण त्यांनी मिश्ना अर्धीच सांगितली. तिच्या सन्हेद्रिन या भागात (3:3) अपात्र साक्षीदारांची यादी आहे: फासे खेळणारा, व्याजाने पैसे देणारा, कबुतरांच्या शर्यती लावणारा, जमीन पडीक ठेवायच्या सातव्या वर्षाचं पीक विकणारा. त्याच मिश्नात रब्बी यहुदा म्हणतात, दुसरा कामधंदा नसेल तरच तो अपात्र. कारणावरून गमारात, म्हणजे मिश्नावरच्या चर्चेत, (24ब) दोन तट पडतात. रामी बार हामा म्हणतात, पैज लावणारा जिंकायच्या आशेवर पैसे लावतो. हरला तरी ते त्याने मनापासून सोडलेले नसतात, म्हणून घेणाऱ्याचा पैसा चोरीच्या जवळ जातो. रव शेशेत म्हणतात, चोरी नव्हे; हा माणूस जगाचा संसार चालवायला हातच लावत नाही, तो दोष.

आता त्या मुलाचा पगार बघा. हरलेल्या कुणाच्या खिशातून तो येत नाही; प्रायोजक जाहिरातीसाठी देतो. रामींचा आक्षेप इथेच गळतो. उरले शेशेत. मध्ययुगातले कायदेपंडित रंबाम (साक्षीचे नियम 10:4) दोन्ही कारणं एकत्र बांधतात: दुसरा धंदा नाही, म्हणजे तो फाशांच्या पैशावरच जगतो असं धरायचं, आणि त्या पैशाला चोरीची धूळ लागलेली. पैशाला धूळच नसेल, तर नुसत्या रिकामटेकडेपणावरून साक्ष कशी नाकारणार? माझ्या मते ती सही घ्यायला हवी होती.

पूर्वी मी इथेच थांबायचो. आता थांबवत नाही, कारण रंबामच दुसरीकडे (लुबाडणुकीचे नियम 6:11) म्हणतात की चोरीचा प्रश्न नसला तरी निरर्थक गोष्टीत गुंतणं वर्ज्यच. माणसाने आयुष्य ज्ञानात आणि जगाच्या घडणीत घालवावं. साक्ष चालते, याचा अर्थ जगणं योग्य दिशेला चाललंय असा होत नाही. याला उत्तर म्हणून मी गमारातलीच एक गोष्ट (तआनित 22अ) पुढे करतो. बे लापातच्या बाजारात रब्बी बेरोका विचारतात, इथे परलोकाचा वाटेकरी कोण? संदेष्टा एलियाहू दोन माणसं दाखवतो. ते म्हणतात, आम्ही विदूषक. दुःखी माणसाला हसवतो, भांडणाऱ्यांत समेट करतो. स्ट्रीमर (आपला गेम लोकांना थेट दाखवणारा) हेच करतो, असं मला म्हणावंसं वाटतं. पण ते दोघं दुःखी माणूस शोधत जायचे. पोरांना रात्री दोनपर्यंत स्क्रीनला खिळवून ठेवणं त्यात बसतं का, हे मला आजही छातीठोकपणे सांगता येत नाही.

पैशाचं मात्र स्पष्ट सांगतो. आयोजकाने स्वतःच्या खिशातून आधीच जाहीर केलेलं बक्षीस चालतं. खेळाडूंची प्रवेश फी गोळा करून तीच विजेत्याला दिली, तर तो फाशांचाच डाव. अश्कनाझींसाठी (युरोपातल्या यहुद्यांसाठी) रब्बी मोशे इस्सर्लेस इथे बरीच सूट देतात, पण आपली प्रार्थनेची रीत सेफार्दी (मूळ स्पेनकडची), आणि त्या रीतीचे कायदेकार योसेफ कारो (होशेन मिश्पात 370) याला लुबाडणुकीतच धरतात. स्किनवर (गेममधल्या पात्रांच्या, हत्यारांच्या विकत मिळणाऱ्या रूपांवर) पैज लावू नका. ठरवून सामना हरणं ही तर सरळ फसवणूक.

शब्बाथवर मी तसूभरही हलणार नाही. कोकणात घाणा शनिवारी बंद ठेवला म्हणून आपल्याला, बेने इस्राएलांना, शनवार तेली म्हणायचे. कमाईचा दिवस सोडणं आपल्याला नवं नाही. बुद्धिबळपटू सॅम्युएल रेशेव्हस्की शब्बाथला पटावर बसत नसे. गेमला लागणारी वीज शब्बाथला वापरण्याबद्दल विसाव्या शतकातले पंडित खझोन इश आणि रब्बी श्लोमो झाल्मन आउरबाख यांची कारणं वेगळी, परवानगी कुणाचीच नाही. मुंबईत डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, जूनमध्ये सव्वासातला. म्हणजे शुक्रवारी सहाला सुरू होणारा सामना जूनमध्येही धोक्याचा, कारण तो लांबला की मध्येच उठावं लागतं आणि टीम एक खेळाडू कमी घेऊन हरते. करार करतानाच राखीव खेळाडू लिहून घ्या. मानधन दर सामन्याचं नको, महिन्याचं किंवा पूर्ण स्पर्धेचं एकगठ्ठा घ्या; शनिवारचे वेगळे पैसे घेता येत नाहीत, एकगठ्ठ्यात मिसळलेले चालतात. शुक्रवारी दुपारी चढवलेला व्हिडिओ शब्बाथभर जाहिरातींचे पैसे मिळवतो, त्यावर पंडितांत एकमत नाही. तेवढं आपापल्या रब्बींना विचारा, आणि विचारताना हिशोब दिवसाचा होतो की महिन्याचा, हे आधी सांगा.