फुंकायला नकार, आणि उरलेली पन्नास मिनिटं

रात्री 12.50 ला हवालदार एका कारचालकाला घेऊन कॅज्युअल्टीत आले. नाकाबंदीत गडी ब्रेथ ॲनालायझरमध्ये फुंकायला तयार नव्हता, ठाण्यात पुन्हा सांगितलं तरी नाहीच. ड्युटीवरची डॉक्टर म्हणून मी पोलिसांच्या पत्रावर आधी अटकेची वेळ बघते. 11.40. मोटार वाहन कायद्याच्या कलम 202 प्रमाणे अटकेपासून 2 तासांत वैद्यकीय तपासणी झाली नाही, तर माणसाला सोडावं लागतं. शिवाय रक्तातला अल्कोहोल दर 100 मिलिलिटरमागे तासाला साधारण 15 मिलिग्रॅमने उतरत असतो, आणि गाडी चालवणाऱ्यासाठी मर्यादा आहे 100 मिलिलिटरला 30 मिलिग्रॅम.

‘फुंकू नकोस, पुरावाच उरत नाही,’ असं त्याला मित्राने फोनवर पढवलं होतं. नकार दिला आणि दारू प्यायल्याचा रास्त संशय असला, तर कलम 203 खाली विनावॉरंट अटक होते. मग 204 खाली रक्त मागता येतं. तेही नाकारलं, तर 205 प्रमाणे तो नकारच कोर्टात विरोधात धरता येतो. अपवाद एकच, वाजवी कारण.

ते कारण त्याने लगेच पुढे केलं. “दमा आहे हो डॉक्टर, फुंकताच येत नाही.” हे मी हसण्यावारी नेत नाही, दम्याचा जोर असला की सलग फुंकर खरोखर जमत नाही. छाती तपासली. शिट्टीसारखा आवाज नाही, ऑक्सिजन 98, आणि साहेब एका दमात हवालदाराशी भांडत होते. जे दिसलं तेवढंच लिहिलं. तोंडाला वास, बुबुळं, चाल, बोलणं, सगळं नोंदवलं. पण नुसत्या वास-चालीवर दारू प्यायल्याचं सिद्ध होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1971 मध्येच महाराष्ट्रातल्या एका खटल्यात सांगितलंय. म्हणून रक्त.

शेवटी त्याने बाही वर केली. नव्या सिस्टरने सवयीने स्पिरिटचा बोळा उचलला. मी हात धरला. इथे स्पिरिट चालत नाही, त्यातच अल्कोहोल असतो; सॅनिटायझरची बाटलीसुद्धा ट्रेमधून बाहेर. बचावाचा वकील पहिला प्रश्न हाच विचारतो. निर्जंतुक पाण्याने कातडी पुसली, 5 मिली रक्त काढून सोडियम फ्लोराइड आणि पोटॅशियम ऑक्झलेटच्या बाटलीत घातलं आणि बाटली जोरात हलवली. ऑक्झलेटने रक्त गोठत नाही. फ्लोराइड नसेल तर प्रयोगशाळेच्या वाटेवर जंतू आकडा बदलून टाकतात. लेबल, लाख, माझं सील, फॉर्म ‘ए’ म्हणजे तपासणीचा दाखला आणि ‘बी’ म्हणजे प्रयोगशाळेला पत्र. वेळ टाकली 1.22.

“फुंकलो असतो तर सुई टळली असती का?” त्याने विचारलं.

यंत्राने काहीच दाखवलं नसतं, तर टळली असती. दारू दाखवली असती, तरी 204 खाली रक्त मागता आलंच असतं.

हवालदारांनी सील उजेडात धरून बघितलं आणि बाटली ताब्यात घेतल्याची सही केली.