हर्णै: बैलगाड्या समुद्रात उतरतात ते बंदर

सोलापूरकर हर्णैला जातो तो सुवर्णदुर्ग बघायला. आम्हीही त्यासाठीच दापोली गाठली होती. पण बंदरावर पोचलो तेव्हा मासळीचा लिलाव रंगात आला होता आणि किल्ल्याचं नाव कुणी काढेना.

इथला किनारा उथळ. मोठ्या होड्या दूरच नांगर टाकतात, मासळी छोट्या होडीत उतरते आणि तिला घ्यायला चक्क बैलगाडी समुद्रात जाते! बैल पोटापर्यंत पाण्यात, लाट अंगावर आली तरी जागचे हलत नाहीत. गाडीवान पापलेट, सुरमई, कोळंबीचे टप रचून घेतो. गाडी वाळूवर आली की भोवती कोंडाळं आणि बोली सुरू. मार्केट यार्डातले कांद्याचे लिलाव बघत मी मोठा झालो. पण भाव पडला तर कांदा निदान चार दिवस ठेवता येतो; इथे बर्फ वितळायच्या आत सौदा ठरायला हवा. कोळणी बोलीत कुणाला ऐकत नाहीत.

समोरच्या बेटावरचा सुवर्णदुर्ग शिवाजी महाराजांनी आदिलशाहीकडून घेतला. पुढे कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचं ते बळकट ठाणं झालं. किनाऱ्यावर त्याच्या पाठीशी गोवा किल्ला, कनकदुर्ग आणि फत्तेगड. एवढा बंदोबस्त, तरी १७५५ मध्ये तो पडला. कान्होजींचे पुत्र तुळाजी आंग्रे यांना नमवायला पेशव्यांनी इंग्रजांची मदत घेतली आणि कमोडोर जेम्सच्या तोफांनी काम केलं. पुढच्याच वर्षी विजयदुर्गाला आंग्र्यांचं आरमार जळालं. मराठ्यांचं समुद्रावरचं बळ मराठ्यांनीच परक्याच्या हातून मोडून घेतलं, हे मला आजही पटत नाही. त्या किनाऱ्यावर उभं राहिल्यावर तर फारच लागलं.

फत्तेगडावर आता कोळ्यांची वस्ती आहे. तटाचे दगड शोधावे लागतात. दाराशी जाळी वाळत असतात. कनकदुर्गावर दीपगृह आहे, तिथून सगळं बंदर नजरेत येतं. मुंबईहून कोकणात जाणाऱ्या आगबोटी इथे थांबायच्या, त्याही खोल पाण्यातच. माणसं, ट्रंका, पोरंबाळं पडावातून किनाऱ्याला यायची. मासळी आजही तशीच येते.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते, तेव्हा लिलाव बघायचा तर नारळी पौर्णिमेनंतर जा. आणि दुपारी चार वाजायच्या आत बंदरावर हजर राहा.